सात नंबरचा रस्ता काहून नको?

मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्यातली तारीख वाचा. जानेवारी १९९४. त्या महिन्यात मी छापला गेलो. मी भारतातल्या रस्त्यांचा एक जुना नकाशा आहे. माझ्यावर छत्तीसगड नाही, झारखंड नाही, तेलंगण नाही. हिंगोली आहे, पण परभणी जिल्ह्यातला एक तालुका म्हणून. रस्त्यांचे नंबरही आता बदलले आहेत. छापलो तेव्हा मी खरा होतो, आज अर्धामुर्धा खोटा आहे. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढे मी इतरांवर बराच संशय घेणार आहे.

माझा जन्म हैदराबादच्या एका छापखान्यात झाला. कोऱ्या कागदावर आधी निळ्या नद्या उमटल्या, मग काळी गावं, आणि शेवटी लाल रंगातले राष्ट्रीय महामार्ग. एका कारागिराने माझ्या पाठीला खळ लावून मांजरपाट चिकटवला, मला दोरीवर वाळत घातलं आणि वाळल्यावर बत्तीस घड्या पाडल्या. त्या घड्यांवरच माझं आयुष्य टिकलं. कापड नसतं तर दुसऱ्या वर्षीच माझे तुकडे झाले असते.

नांदेडच्या बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या दुकानात मी चार महिने पडून होतो. मला विकत घेतलं ते भिवाजी खिल्लारे यांनी. वय सदतीस, गाव हट्टा, तालुका वसमत. काम ट्रक चालवण्याचं. वसमतच्या एका व्यापाऱ्याची हळद ते बनारसच्या मसाला बाजारात पोचवत.

गाडी भरली की पोती नीट बसली आहेत का, हे भिवाजी स्वतः हात लावून तपासत. त्यामुळे त्यांची बोटं कायम पिवळी. साबणाने तो रंग जात नाही. मग तीच बोटं ते माझ्यावर ठेवत. नागपूर, सिवनी, जबलपूर, कटनी, मैहर, रीवा, मिर्झापूर, बनारस. तेव्हा हा सगळा एकच रस्ता होता, सात नंबरचा. तीन-चार वर्षांत त्या रस्त्यावर हळदीचा इतका जाड थर बसला की खालची लाल रेघ नीट दिसेना. बाकीचा देश पांढरा, आणि मधून एक पिवळा पट्टा. मी कुणाचा आहे आणि कुठून कुठे गेलो आहे, हे कुणालाही न विचारता कळावं असा मी झालो होतो. निदान मला तसं वाटत होतं.

ते माझे मानाचे दिवस होते. ढाब्यावर भिवाजी मला खाटेवर पसरत, तेव्हा पंजाबचे, बिहारचे, आंध्रचे ड्रायव्हर भोवती गोळा होत. कुणी विचारायचं, पूल तुटलाय, आता कुठून जाऊ? भिवाजींचं बोट फिरायचं आणि उत्तर मिळायचं. नकाशा वाचणारा ड्रायव्हर म्हणून त्या रस्त्यावर त्यांना ओळखत. त्यांच्याबरोबर मलाही ओळखत.

२०१७ साली भिवाजींनी ट्रक सोडला. त्यांनी मला एका पिशवीत घातलं आणि लोखंडी कपाटावर ठेवून दिलं. सात वर्षं मला कुणी उघडलं नाही. झुरळांनी माझी खळ खाल्ली. अरबी समुद्राच्या बाजूला कसर लागली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. घरात मोबाइल आला होता, आणि मोबाइलला घडी घालावी लागत नाही.

मला खाली काढलं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये.

त्याचं कारण अंगणात उभं होतं. भिवाजींचा मुलगा प्रज्ञेश परभणीच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. त्याने एक जुनी सतरा आसनांची गाडी घेतली आणि वसमतच्या एका बॉडीवाल्याकडून चौदा महिने खपून तिचं चाकांवरचं घर करवून घेतलं. झोपायला चार फळ्या, गॅसची शेगडी, टपावर पाण्याची टाकी, मागे कोपऱ्यात संडास. प्रज्ञेश तिला कॅराव्हॅन म्हणायचा. त्याची आई लक्ष्मीबाई तिला घरगाडी म्हणायची. पुढच्या काचेवर त्याने निळ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'जय भीम', आणि त्याखाली, 'खिल्लारे परिवार, हट्टा'.

ही सगळी खटपट लक्ष्मीबाईसाठी होती. तिचे गुडघे धरले होते. रेल्वेचे जिने, लॉजचे जिने तिला चढवत नव्हते. तिला सारनाथला जायचं होतं आणि तिथून पुढे बोधगयेला. नवरा बावीस-तेवीस वर्षं बनारसला जात होता आणि सारनाथ बनारसला लागूनच आहे. दर फेरीनंतर ती विचारायची, "सारनाथ केलं का?" आणि भिवाजी म्हणायचे, "ट्रक जात न्हाई तिकडं." आता स्वतःची गाडी होती. प्रज्ञेशला सोळा दिवसांची रजा मिळाली होती. लक्ष्मीबाईने नवं पांढरं लुगडं आणून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी घरगाडीच्या दारात बसून रस्ता ठरवायला घेतला. प्रज्ञेशच्या हातात मोबाइल, भिवाजींच्या मांडीवर मी. मोबाइलने तीन रस्ते दाखवले. पहिला होता माझा, पिवळा. वाशिमच्या पुढे समृद्धीला लागायचं, नागपूर, मग जबलपूर, रीवा, बनारस.

"हेच बराबर हाय," प्रज्ञेश म्हणाला. "बाबा, तुमचाच रोड."

"त्यो नको," भिवाजी म्हणाले. त्यांनी बोट नागपूरवर ठेवलं आणि उजवीकडे ओढत नेलं. रायपूर, बिलासपूर, अंबिकापूर, डालटनगंज, गया. "हिकडून जाऊ. सरळ बोधगया."

"त्या रोडानं तुमी कधी गेलात?"

"न्हाई."

"मग?"

"जबलपूरचा रोड लई खराब हाय."

"चारपदरी झालाय बाबा. हे बघा."

"तुझ्या मोबाइलला काय कळतंय? खड्डा मोबाइलला लागत न्हाई, कमरेला लागतो."

लक्ष्मीबाई तूर निवडत होती. तिने मान वर केली नाही. "आन् सारनाथ?"

"येताना बघू."

"येताना कोण बघतंय? येताना माणूस घराकडं तोंड करून असतंय."

मित्रांनो, मी जे पाहिलं तेवढंच सांगतो. रायपूरच्या बाजूला माझ्यावर हळदीचा एकही डाग नव्हता. तिथे त्यांचं बोट आयुष्यात पहिल्यांदा फिरत होतं, त्यामुळे ते हळूहळू, नावं वाचत पुढे सरकत होतं. आणि प्रज्ञेशने विचारलं म्हणून ते जबलपूरकडे वळलं, तेव्हा कागदाला टेकलं नाही. वाटेत चिखल असला की माणूस पाय उचलून पलीकडे टाकतो, तसं ते सात नंबरच्या वरून गेलं. जो रस्ता त्यांना घराच्या अंगणासारखा पाठ होता, तो त्यांना नको होता. जो कधीच पाहिला नाही, तो हवा होता.

मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटते. सात नंबरचा आता सात नंबर राहिला नाही. ढाब्यावर मला पसरलं तर पोरं हसतील, म्हणून ते मला त्या रस्त्यावर नेत नाहीत. हा माझा पहिला संशय. तो चुकीचा निघाला.

लक्ष्मीबाईचा संशय वेगळा होता. तो दुपारी बाहेर आला, भागवत चहाला आला तेव्हा. भागवत हा गावातलाच शेतकरी. सहा वर्षं त्याने भिवाजींच्या जोडीला त्याच ट्रकवर काढली होती. गाडीला चक्कर मारून, टायरला लाथ घालून तो खाली बसला.

"वैनी, काळजी करू नका. त्या रोडावर ह्याची लई वळख हाय. झोपेतबी न्हील तुमाला."

"ते त्या रोडानं न्यायला तयारच न्हाईत," लक्ष्मीबाई म्हणाली.

भागवतने भिवाजींकडे पाहिलं. भिवाजींनी बशी पुढे सरकवली. "चहा घे. निवायला लागला."

"काहून तयार न्हाई?"

"चहा घे म्हणलं ना."

लक्ष्मीबाईने दोघांची तोंडं पाहिली. "भागवतभाऊ, तिकडं दुसरं बिऱ्हाड हाय का ह्यांचं? असंल तर सांगा. आता ह्या वयात मी काय भांडाया बसणार न्हाई. पाहुणी म्हणून उतरंन, भाकर खाईन, म्होरं जाईन."

भागवत हसला. "न्हाई वो वैनी. हा दाल-रोटीशिवाय कुणाकडं बघतबी नव्हता."

पण तो चहा अर्धा टाकून उठला. दारात चप्पल घालताना भिवाजींच्या कानाशी काही तरी बोलला. ते मला ऐकू आलं नाही. लक्ष्मीबाईलाही ऐकू आलं नाही, पण तिने ते पाहिलं.

सून सपना वसमतला दाखले काढून देण्याचं केंद्र चालवते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी. दिवसभर तिच्या हातातून लोकांचे कागद जातात, त्यामुळे कुठल्याही कागदावर तिचा लगेच विश्वास बसत नाही. ती आधी तारीख बघते, मग सही, मग शिक्का. सोमवारी ती मला केंद्रावर घेऊन गेली. मध्य प्रदेशाच्या भागाची छायाप्रत काढायची होती. मला उलटं केलं तेव्हा पाठीच्या एका कोपऱ्यावर चिकटवलेला खाकी कागद तिला दिसला.

माझी पाठ कुठेच फाटलेली नव्हती. मग ठिगळ कशाला?

कागदावर कागद चिकटवला की खाली काही तरी असतंच, हे सपनाला धंद्याने शिकवलं आहे. शिक्क्याशेजारी ओला स्पंज होता. तो तिने खाकी कागदावर फिरवला. झुरळांनी अर्धी खळ खाल्लेली होतीच, कागद सहज सुटला. खाली कापडावर निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पाटीलजी का नक्शा. कोई ले न जाए.'

संध्याकाळी चुलीपाशी तिने ते सासूला वाचून दाखवलं.

"पाटील कोण?" लक्ष्मीबाईने विचारलं.

"माहीत न्हाई. पण नाव झाकलंय मुद्दाम. नुसतं चिकटवलं न्हाई, कडा दाबून चिकटवलंय."

"म्हंजे हा नकाशा दुसऱ्याचा हाय?"

"तसंच दिसतंय आई."

"चोरला व्हय यांनी?" लक्ष्मीबाईने भाकरी परतली. "म्हणून त्या रोडानं यायचं न्हाई. पाटील गाठ पडंल."

दोघींनी मला मिटून पिशवीत ठेवलं, पण उलट्या घडीत. बत्तीस घड्यांचा नकाशा मिटायची एकच रीत असते आणि ती वापरणाऱ्याच्या हातात असते. मंगळवारी सकाळी भिवाजींनी मला बाहेर काढलं, उलटी घडी पाहिली, पाठ पाहिली. मग त्यांनी मला पुन्हा सरळ घडी घातली. आता त्या घरात प्रज्ञेश सोडून प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल काही तरी माहीत होतं, आणि कुणीच कुणाला काही विचारत नव्हतं. त्या दिवशी जेवताना भाजीत मीठ जास्त पडलं होतं, तरी सगळ्यांनी ती संपवली.

दुपारी भिवाजी घरगाडीत ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. मी समोर काचेपाशी होतो. लक्ष्मीबाई गुडघ्यावर हात ठेवत पायरी चढून आत आली. तिने दार ओढून घेतलं आणि बाजूच्या जागेवर बसली. लग्नानंतर त्रेचाळीस वर्षांत ती पहिल्यांदा त्यांच्या शेजारी गाडीत बसत होती.

"हा नकाशा कुण्या पाटलाचा हाय?"

"माझा हाय."

"मग पाटील कोण?"

भिवाजींनी स्टिअरिंग धरलं. गाडी बंद होती.

"मीच."

मित्रांनो, हे नाव मला ठाऊक होतं. एकवीस वर्षं त्या रस्त्यावर मी ते ऐकत होतो. ट्रकवाल्यांना रस्त्यावर दुसरं नाव पडतंच. कुणी मास्टर, कुणी काल्या, कुणी सरदार. मला वाटायचं, हे तसंच एक. मी त्यात काहीच वावगं पाहिलं नाही. उलट 'पाटीलजी का नक्शा' म्हटलं की मी फुगायचो. एका ढाब्यावर कुणी तरी ते माझ्या पाठीवर लिहिलं, आणि घरी यायच्या आधी भिवाजींनी ते खाकी कागदाने झाकलं, तेव्हाही मी कारण शोधलं नाही. ते नाव कसं आलं, ते मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं.

"शहाण्णव साल," भिवाजी म्हणाले. "एका ढाब्यावर विचारलं, कौन लोग हो? मी सांगितलं. चहा आला कोनाड्यातल्या गिलासात. वेगळा ठिवलेला गिलास. म्हणाले, पंपापाशी बस, आन् ताट धुऊन ठिव. त्या रोडावर सगळीकडं असं हुतं असं न्हाई. पण म्होरच्या बारीला दुसऱ्या ठिकाणीबी तेच झालं. तिसऱ्या ठिकाणी धर्मसिंग म्हणून मालक हुता. त्यानं विचारलं. माझ्या तोंडातून निघालं, पाटील. त्यानं खाट झटकून दिली."

"आन् तुमी बसलात."

"बसलो. दोन दिवस गाडी चालवून राहिलो हुतो. भूक लागली हुती."

"भूक मलाबी लागायची," लक्ष्मीबाई म्हणाली.

तिला काय म्हणायचं होतं ते भिवाजींना माहीत होतं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा ती एका शेतावर ज्वारी काढायला जायची. मालकिणीने चहा वरून, हात लांब ठेवून ओतला. लक्ष्मीबाईने कप तिथेच पालथा घातला, विळा उचलला आणि घरी आली. त्या हंगामात तिला दुसरीकडे काम मिळालं नाही. भिवाजी ही गोष्ट चौदा एप्रिलला चार लोकांत अभिमानाने सांगत. दरवर्षी सांगत.

"नाव एकदा पडलं की पुसता येत न्हाई," ते म्हणाले. "आपल्या आधी फुडच्या ढाब्यावर जाऊन बसतंय ते. मग रोडच पाटील म्हणायला लागला. भागवतला ठाऊक हाय ते. आता तुला, पोरांना घेऊन उतरलो, आन् कुणी म्हणलं, आओ पाटीलजी, तर?"

लक्ष्मीबाई उठली, दार उघडलं आणि गुडघे सांभाळत उतरून गेली.

दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. ताटात भाकरी पडायची, शब्द पडत नव्हता. सपनाने विचारलं तेव्हा म्हणाली, "तुझा सासरा सांगंल. मी न्हाई सांगणार." पांढरं लुगडं तिने पेटीत परत ठेवलं. प्रज्ञेशला वाटलं, रस्त्यावरून भांडण आहे. तो मोबाइलवर दोन्ही रस्त्यांची अंतरं पुन्हापुन्हा मोजत राहिला. सारनाथचं काय होणार, हे कुणालाच कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने मला भिवाजींच्या पुढ्यात आणून उघडलं.

"किती ठिकाणी जेवायचा पाटील?"

"नेमानं चार ठिकाणी."

"दाखवा."

भिवाजींनी चार ठिकाणी बोट टेकवलं. सिवनीच्या पुढे एक, जबलपूरच्या अलीकडे एक, मैहरच्या बाजूला धर्मसिंगचा, आणि मिर्झापूरच्या आधी एक.

"त्याच रस्त्यानं जायचं. चारी ठिकाणी थांबायचं."

"आन् म्हणायचं काय?"

"ते तुमी ठरवा. मी बाजूला बसंन."

"पोरांसमोर?"

"पोरानं काचेवर नाव लिव्हलंय. दर ढाब्याच्या आधी वल्लं फडकं घिऊन पुसणार का तुमी ते?"

मग तिने पेटी उघडली आणि लुगडं पुन्हा बाहेर काढून ठेवलं. रस्ता असा ठरला. प्रज्ञेशला फक्त एवढंच सांगण्यात आलं की बाबा तयार झाले.

बारा डिसेंबरला सकाळी साडेसहाला आम्ही हट्टा सोडलं. गाडी प्रज्ञेश चालवत होता, मोबाइल बोलत होता, मी काचेपाशी पडून होतो. मोबाइल दर वळणाला सांगायचा आणि दर वळणाला भिवाजी त्याच्या आधी हात करायचे. नागपूरच्या पुढे चारपदरी रस्ता पाहून सपना म्हणाली, "बाबा, खड्डा कुठं हाय?" भिवाजींनी हात करून पुढचं वळण दाखवलं.

सिवनीच्या पुढचा ढाबा नव्हताच. रस्ता रुंद झाला त्यात तो गेला होता. हातपंप तेवढा कठड्याच्या पलीकडे उभा होता. भिवाजींनी मोठा श्वास सोडला. लक्ष्मीबाईने तो ऐकला.

जबलपूरच्या अलीकडचा ढाबा होता, पण मालक बदलला होता. गल्ल्यावर तिशीतला माणूस. जुन्यांपैकी कुणी उरलं नव्हतं. त्याने कुणालाच काही विचारलं नाही, ताटं आणून ठेवली. भिवाजी चार रोट्या जेवले.

"आज लई भूक लागली दिसती," लक्ष्मीबाई म्हणाली. "सुटलो असं समजू नका."

"कशातून सुटले?" प्रज्ञेशने विचारलं. लक्ष्मीबाईने त्याच्या ताटात आणखी एक रोटी वाढली. पुढे गाडी चालवताना तोही वडिलांकडे आरशातून बघायला लागला.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही मैहरच्या बाजूच्या ढाब्यावर पोचलो. धर्मसिंग बाहेर उन्हात खाटेवर बसला होता. डोळे पांढुरके झालेले, हातात काठी. भिवाजी मला काखेत घेऊन उतरले. का घेतलं, ते त्यांनाच माहीत. सवय असेल. ते खाटेपाशी गेले आणि म्हणाले, "नमस्ते, धर्मसिंगजी."

म्हाताऱ्याने मान वाकडी केली. "ये आवाज़ तो पाटीलजी की है."

प्रज्ञेशने मागे वळून पाहिलं, कोण पाटील आले म्हणून. सपनाने पाहिलं नाही. तिच्या डोक्यात निळी शाई आली असावी. लक्ष्मीबाई शेजारच्या खाटेवर बसली. ठरवल्याप्रमाणे ती बाजूला बसली होती, आणि ठरवल्याप्रमाणे काही बोलत नव्हती.

भिवाजींच्या काखेला घाम आला होता. तो माझ्या कापडातून आत आला.

"धर्मसिंगजी, मैं पाटील नहीं हूँ."

"तो?"

"खिल्लारे. भिवाजी खिल्लारे. आपने पूछा था कौन लोग, तो मैं झूठ बोला था. हम बाबासाहेब के लोग हैं."

रस्त्यावरून सिमेंटचा टँकर गेला. तो गेल्यावर धर्मसिंगने विचारलं,

"कितने साल खाया यहाँ?"

"इक्कीस."

"आज क्यों बोल रहे हो?"

"घरवाली को सारनाथ ले जा रहा हूँ. रास्ता इधर से ही है."

धर्मसिंगने काठी जमिनीवर दोनदा टेकवली. मग जिकडे लक्ष्मीबाई बसली होती, तिकडे अंदाजाने तोंड वळवलं. "बहनजी, खाना?"

"खायेंगे," लक्ष्मीबाई म्हणाली. "अंदर बैठ के."

आत चार टेबलं होती. आम्ही मधल्यावर बसलो. ताटं आली तेव्हा सपनाने आधी आपलं ताट पाहिलं, मग शेजारच्या टेबलावरची, मग ती कुठल्या चळतीतून काढली ते. सारखीच होती. धर्मसिंग आत आला नाही. डोळ्यांमुळे आला नाही की आणखी कशामुळे, हे मला सांगता येणार नाही. प्रज्ञेश जेवला नाही. तो वडिलांकडे बघत बसला. भिवाजी एकच रोटी जेवले, पण मान खाली न घालता जेवले.

निघताना धर्मसिंग खाटेवरून म्हणाला, "अच्छा, पाटीलजी."

भिवाजी थांबले. "खिल्लारे."

म्हाताऱ्याने मान हलवली. "हाँ. खिल्लारे." तो शब्द त्याने नवी बिडी तोंडात धरावी तसा सावकाश उच्चारला.

आम्ही निघाल्यावर त्या ताटांचं काय झालं, ते मी पाहिलेलं नाही. म्हणून सांगत नाही.

रीवा जवळ आल्यावर प्रज्ञेश म्हणाला, "बाबा, रायपूरनं गेलो असतो तर तुमी कधीच सांगितलं नसतं ना?"

"न्हाई," भिवाजी म्हणाले.

"माझं नाव प्रज्ञेश ठिवलं. मला म्हणालात, कुणापुढं मान खाली घालू नको. आन् तुमी..."

"प्रज्ञेश," लक्ष्मीबाई मध्येच म्हणाली. "त्यांना काय बोलायचं ते मी बोलले हाय. तू समोर बघ. गतिरोधक हाय."

मिर्झापूरच्या आधीच्या ढाब्यावर गाडी पुरती थांबली नव्हती, तेवढ्यात भिवाजींनी दार उघडलं. या वेळी त्यांनी मला घेतलं नाही. मी काचेतून पाहिलं. ते सरळ गल्ल्यापाशी गेले, छातीवर हात ठेवून काही तरी बोलले. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, खांदे उडवले आणि आत हाक दिली. भिवाजी परत आले.

"चहा सांगितला. माझ्या नावानं."

"साखर कमी सांगितली का?" लक्ष्मीबाईने विचारलं.

"न्हाई."

"मग परत जा. आन् नाव पुन्यांदा सांगा, म्हातारं बहिरं दिसतंय."

ते परत गेले. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली, पण त्यांची पाठ वळल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता सारनाथच्या स्तूपासमोर लक्ष्मीबाई पांढरं लुगडं नेसून उतरली. प्रज्ञेशने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, नवऱ्याचा घेतला. वंदना झाल्यावर ती भिवाजींना म्हणाली, "ट्रक येतोय की हितवर. रोड केवढा रुंद हाय." भिवाजींनी ते मान्य केलं.

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटावर आहे. मला त्याचं दुःख नाही. रस्ता दाखवायला मी निरुपयोगी आहे, हे मी सुरुवातीलाच कबूल केलं. पण तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा जुना नकाशा असेल, तर त्याला रद्दीत घालू नका. थोडं ऊन दाखवा, कसर झटका, घड्यांवर ताण येणार नाही असा अलगद उघडा, आणि ज्याने तो वापरला त्या माणसाला शेजारी बसवा. जवळचा रस्ता कोणता आणि लांबचा कोणता, हे मोबाइल सांगेल. ओळखीचा रस्ता टाळून माणूस अनोळखी रस्ता का धरतो, हे मोबाइलवर नसतं. माझ्यावरही नव्हतं. तिथे त्याचं बोट उचललं जातं, तेवढंच दिसतं. तेव्हा संशय जरूर घ्या. पण तो चुलीपाशी कुजबुजत ठेवू नका. त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा, दार ओढून घ्या, आणि सरळ त्यालाच विचारा.